कुठल्या क्विल्ट प्रदर्शनाला जायचं? प्रवासनिधीच्या नोंदी

१५ जून
भिशीतून दर महिन्याला बाजूला काढलेले पैसे आता एका लांबच्या प्रवासाला पुरतील इतके झालेत. आज सरोजताईंकडे सगळ्या जमलो आणि ठरलं की या पैशातून दोघींना एका मोठ्या प्रदर्शनाला पाठवायचं. जवळच्या ठिकाणी ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या खर्चानं जायचं. कुठलं प्रदर्शन, हे मात्र ठरलं नाही. माहिती काढून वही लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

आम्ही कोथरूडला दर रविवारी बसून गोधड्या शिवणाऱ्या बायका. लतामावशी माण तालुक्यातल्या, हातात सुई आल्यापासून लुगड्यांच्या गोधड्या शिवताहेत. मृणाल मशीनवर क्विल्ट करते, म्हणजे गोधडीसारखंच थर शिवून केलेलं पांघरूण; रोटरी कटर, कटिंग मॅट, बॅटिंग (आतला भराव) सगळं तिच्याकडे असतं. सरोजताई बँकेतून निवृत्त झाल्या, त्यामुळे हिशेब त्यांच्याकडे.

मृणालनं आल्याआल्या अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या क्विल्ट प्रदर्शनाचं नाव घेतलं. सरोजताईंनी विमानाचं भाडं विचारलं. मावशींनी शांतपणे विचारलं, "तिथं पाठ बघू देत्यात का?" म्हणजे क्विल्टची मागची बाजू. हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, कारण विचार केला तर निवडीचं सगळं गणित त्यातच आहे. पुढची बाजू आता घरबसल्या दिसते. जगातल्या कुठल्याही बक्षीस मिळालेल्या क्विल्टचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघता येतो. पाठ दिसत नाही. धावदोरा सगळ्या थरांतून गेला का वरच्यावर फिरला, नवा दोरा कुठं सुरू केला, गाठ कशी आत ओढून घेतली, कोपऱ्यावर ओळ कशी वळवली, हे पाठीवरच कळतं. तेवढ्यासाठी जावं लागतं.

२२ जून
आधी देशातल्या देशात काय आहे ते बघितलं.

पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते. बचतगटांच्या बायका येतात, त्यात गोधडी, दुपटी, कुंच्या घेऊन येणाऱ्याही असतात. रिक्षानं जाऊन येता येतं, म्हणून ही धरलेलीच. मुंबईचं महालक्ष्मी सरसही तसंच. तिथं राज्यभरातल्या ग्रामीण बचतगटांचा माल एका मैदानात बघायला मिळतो. दोन्हीकडे माल हातात घेता येतो, उलटून बघता येतो, शिवणारीशी बोलता येतं. गर्दीच्या दिवशी मात्र तिला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी लवकर गेलेलं बरं.

सूरजकुंड मेळा फरिदाबादला फेब्रुवारीत, १९८७ पासून. बिहारची सुजनी, बंगालचा कांथा ही धावदोऱ्याची कामं आणि राजस्थानची कामं एकत्र बघायची तर चांगली जागा. पण तो सगळ्याच कलांचा मेळा आहे. फक्त शिवणासाठी दिल्लीपर्यंत जाणं परवडणारं नाही. दिल्लीत दुसरं काम असेल तर जोडून करावं.

गारमेंट टेक्नॉलॉजी एक्स्पो यादीतून काढलं. ते कारखानदारांसाठी आहे. कपड्यांच्या कारखान्यातली ओव्हरलॉक, कटिंगची यंत्रं बघून आमच्या कामात काही भर पडणार नाही.

चेन्नईत २०१९ मध्ये इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल झाला, तेव्हा मृणालची मैत्रीण गेली होती. आपल्याकडे क्विल्टसाठीच भरलेलं प्रदर्शन, स्पर्धा, वर्ग, सगळं. पुढे भरेल तेव्हा रात्रीच्या गाडीनं जायचं, याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

६ जुलै
ह्यूस्टन. मृणालचा जीव यात अडकलाय, म्हणून नीट अभ्यास केला.

इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो. करी ब्रेसनहान या बाईंनी १९७० च्या दशकात आपल्या दुकानातून हे सुरू केलं आणि कोरोनाच्या आधी तिथं एका वेळी ५० हजारांहून जास्त माणसं येत होती. विक्रेत्यांच्या रांगाच्या रांगा, शेकडो वर्ग. एक भानगड लक्षात ठेवायची: याच लोकांचं क्विल्ट मार्केट वेगळं असतं आणि ते फक्त दुकानदार-व्यावसायिकांसाठी. नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे तिकिटाआधी तारखा दोनदा तपासायच्या.

वर्गांची नोंदणी आधी होते, पैसे वेगळे, आणि नावाजलेल्या शिक्षिकांचे वर्ग भराभर भरतात. म्हणजे तिथं नुसतं जाऊन भागत नाही. आधीपासून ठरवून जावं लागतं. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. तारीख मिळायच्या आत वर्गाचे पैसे भरायचे का, हा पेच सुटत नाही.

खरेदीचं म्हणाल तर तिथलं मशीन ११० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. कापडाचे तुकडे, नमुने, सुया आता इथंही मिळतात. खरेदीसाठी समुद्र ओलांडायची गरज उरलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मृणाल म्हणाली, "ताई, पण एवढे क्विल्ट एका छताखाली दुसरीकडे कुठंच दिसणार नाहीत." ते खरंच आहे. पण दोन दिवसांत माणूस किती बघतो? पाठीसकट नीट बघायला एका क्विल्टला पाच मिनिटं तरी लागतात.

१३ जुलै
पडूका, केंटकी राज्य. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचा क्विल्टवीक इथं एप्रिलमध्ये असतो, १९८५ पासून. जेमतेम २७ हजार वस्तीचं गाव. प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेलं पुरत नाहीत, म्हणून गावकरी आपल्या घरातल्या खोल्या देतात. १९९१ मध्ये उघडलेलं नॅशनल क्विल्ट म्युझियमही तिथंच आहे आणि २०१३ पासून हे गाव युनेस्कोच्या सर्जनशील शहरांत आहे, तेही हस्तकला आणि लोककलेसाठी.

एक गोष्ट वाचून मावशी आणि मृणाल दोघी गप्प झाल्या. या स्पर्धेत १९८९ मध्ये कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोत्कृष्ट क्विल्टचं बक्षीस मिळालं. त्याआधी ते हातकामालाच मिळत आलं होतं. हात की मशीन हा आमचा दर रविवारचा वाद तिथं तेव्हाच पेटला होता! मृणालनं लगेच चहा ठेवला.

तरी पडूका आम्हाला लांब पडतं. नॅशव्हिलला उतरून पुढे दोनेक तास मोटारीचा प्रवास, आणि आमच्यापैकी कुणी परदेशात गाडी चालवणारी नाही. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या क्विल्टरनं मात्र ह्यूस्टनच्या आधी पडूकाला जावं: गाव लहान, संग्रहालय कायमचं, गर्दी संपली तरी बघण्यासारखं शिल्लक राहतं.

२० जुलै
पाठीचा प्रश्न तडीस नेला. मोठ्या प्रदर्शनांत क्विल्टला हात लावायची परवानगी कुणालाच नसते. पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका असतात, त्यांना विनंती केली की त्या कोपरा उचलून पाठ दाखवतात. मावशींना हे पटलं. "मग झालं. हात लावू नये, त्ये बराबर हाय. कुणाचं काम मळवायचं कशाला?" त्यांना एकच शंका होती, की विचारायचं कसं. मृणालनं इंग्रजी वाक्य कागदावर मराठी अक्षरांत लिहून दिलं. मावशींनी ते आल्यागेल्याला म्हणून दाखवायला सुरुवात केली आहे.

३ ऑगस्ट
क्विल्टकॉन: मॉडर्न क्विल्ट गिल्डचं, २०१३ मध्ये ऑस्टिनला सुरू झालं, फेब्रुवारीत भरतं, शहर बदलत राहतं. मोकळी जागा, ठसठशीत रंग, कमी तुकडे अशी आधुनिक धाटणी. मृणालला आवडेल, बाकीच्यांना फारसं नाही. निवड समिती काम पारखून घेते. यंदा नको.

ऑरेगॉनमधलं सिस्टर्स गाव. जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी सगळं गाव क्विल्टनं भरून जातं. दुकानांच्या भिंतींवर, कठड्यांवर, उघड्यावर शेकडो क्विल्ट टांगतात. १९७५ पासून चालू, बघायला पैसे नाहीत. मन तिकडे ओढतं, पण एका दिवसासाठी एवढा लांबचा प्रवास नाही जमणार.

१७ ऑगस्ट
आज फ्रान्स. मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ याचीच लागली आहे.

आल्सासच्या डोंगरात, एका जुन्या चांदीच्या खाणींच्या खोऱ्यात, सेंत-मारी-ओ-मीन नावाचं गाव आहे. दर सप्टेंबरात तिथं युरोपातलं पॅचवर्कचं, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या शिवणकामाचं, मोठं संमेलन भरतं. एक हॉल नसतोच. खोऱ्यातल्या गावागावांतली चर्चं, नाट्यगृहं, सभागृहं यांत क्विल्ट टांगतात आणि लोक बसनं या गावातून त्या गावात फिरतात.

याच गावाची निवड का झाली, ते वाचताना मी जेवायचं विसरले. सतराव्या शतकाच्या शेवटी याकोब आमान हा धर्मोपदेशक इथं राहत होता. १६९३ मध्ये तो आणि त्याचे अनुयायी आपल्या ख्रिस्ती पंथातल्या बाकीच्यांपासून वेगळे झाले, तेच आमिश. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथं त्यांच्या बायकांनी एकरंगी कापडाचे, छपाई नसलेले, बारीक हातटाक्यांचे क्विल्ट केले, जे आज संग्रहालयांत आहेत. त्या फुटीला ३०० वर्षं झाली तेव्हा, १९९३ मध्ये, गावानं आमिश क्विल्ट आणून दाखवले. त्यातून हे संमेलन उभं राहिलं. म्हणजे तिथं क्विल्ट बघायचे तर ज्या खोऱ्यातून ती माणसं निघाली त्याच खोऱ्यात उभं राहून बघायचे.

अडचणी: शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि निदान १५ दिवस आधी अर्ज जायला हवा, हे जमेल. राहायची सोय तोकडी, त्यामुळे सेलेस्टाला किंवा स्ट्रासबर्गला राहून रोज ये-जा. भाषा फ्रेंच आणि जर्मन. सरोजताई म्हणतात, "टाके बघायला भाषा कशाला लागते?" पण स्वयंसेविकेला विनंती करायला, औषध मागायला, बस चुकली तर विचारायला लागतेच. पहिल्या परदेश प्रवासासाठी मी हे सुचवणार नाही. दुसऱ्यासाठी नक्की.

२८ सप्टेंबर
इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स. तिथल्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर, चार दिवस, एनईसी या प्रदर्शन केंद्राच्या हॉलमध्ये. २००३ पासून. रेल्वे स्टेशन आणि विमानतळ दोन्ही हॉलला लागून. गुडघे दुखणाऱ्या मावशींच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण पारडं झुकलं ते वेगळ्याच कारणानं. इथली स्पर्धा खुली आहे. आधी फोटो मागवून निवड समिती चाळणी लावत नाही. नियमात बसणारं काम नोंदवलं की ते टांगलं जातं आणि परीक्षक त्यावर अभिप्राय देतात. गटानं मिळून केलेल्या कामासाठी वेगळा विभाग आहे. गोधडी तर गटाचंच काम! एक थर पसरते, दुसरी कडा धरते, चौघी चार बाजूंनी बसून टाके घालतात.

आपली गोधडी टांगलेली असताना तिच्याशेजारी उभं राहायचं, कोण थांबतं, काय विचारतं ते ऐकायचं, मग बाकीचं प्रदर्शन बघायचं. यातून जे मिळेल ते नुसतं प्रेक्षक म्हणून जाऊन मिळणार नाही. आजपासून सगळ्या प्रदर्शनांना मी हा दुसरा प्रश्न लावणार: आपलं काम तिथं टांगता येतं का?

२६ ऑक्टोबर
दसरा-दिवाळी आटोपून हल्याळला जाऊन आलो. हे प्रदर्शन नाही, तरी वहीत येणं भाग आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात; त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका जुन्या कापडांची गोधडी शिवतात, ती कवंदी. धारवाडपर्यंत रेल्वे, पुढे एसटीसारखीच कर्नाटकची बस. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठी इतकी मिसळलेली की मावशींचं बोलणं पहिल्याच मिनिटाला जुळलं.

ओसरीवर बसून एक आजी शिवत होत्या, ते अगदी जवळून बघितलं. खाली जुनी साडी अंथरलेली. आपण आधी वरचा थर पूर्ण जुळवतो आणि मग टाके घालतो. त्या तसं करत नाहीत. कोपऱ्यापासून सुरुवात. एक तुकडा ठेवायचा, त्याची कड नखानं आत दुमडायची, लगेच सगळ्या थरांतून धावदोरा. मग त्याला चिकटून पुढचा तुकडा. असं कडेकडेनं फिरत मध्याकडे जायचं. तुकडा जोडणं आणि गोधडी भरणं एकाच टाक्यात होतं. खडू नाही, पट्टी नाही, टाचणीसुद्धा नाही. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांचे छोटे त्रिकोण, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी नागडी.

मावशींनी न विचारता कवंदी उलटली. आजींनी कौतुकानं बघितलं आणि स्वतःच बोटानं दाखवलं, दोरा संपला होता कुठं ते. कुणीच हातमोजे घातले नव्हते. अशा ठिकाणी जायचं तर दोन पथ्यं पाळावीत असं वाटतं: काम विकत घ्यायचं असेल तर घासाघीस नको, आणि फोटोआधी विचारायचं. आम्ही दोन कवंद्या घेतल्या, सांगितलेल्या किमतीत.

२१ डिसेंबर
भीमथडी. तीन ठिकाणी गोधड्या उलटून बघितल्या. दोन मशीनच्या, टाका मोठा, आत नवा फोम. एक हातची, कराडकडच्या बाईंची, सुरेख. त्यांचा नंबर घेतला, रविवारी कधी पुण्यात असल्या तर येणार आहेत.

१८ जानेवारी
वांद्र्याहून कच्छ एक्स्प्रेसनं भुज, तिथून अजरखपूर. श्रुजन संस्थेचं एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) हे संग्रहालय इथं २०१६ मध्ये उघडलं. चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ च्या दुष्काळात बायकांच्या हाताला काम म्हणून भरतकाम सुरू केलं, त्या कामाचा हा पुढचा टप्पा. कच्छमधल्या वेगवेगळ्या समाजांचं भरतकाम इतक्या शिस्तीनं मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही; एकाच आरशाचं काम दोन समाजांत कसं वेगळं होतं ते शेजारी शेजारी कळतं. भरतकाम करणाऱ्यांनी कर्ज काढून जावं. गोधडीवाल्यांसाठी मात्र हे दुसऱ्या फेरीत. रजयांपेक्षा इथला भर कपड्यांवर आणि तोरण-चाकळ्यांवर (भिंतीवर लावायच्या चौकोनी कापडांवर) आहे.

परतीच्या गाडीत दोन कप्पे केले. कारागिराच्या दारी जायचं ते तंत्र शिकायला, आणि प्रदर्शनाला जायचं ते आपलं काम जगाच्या कामाशेजारी ठेवून बघायला. मोठ्या प्रदर्शनाला कारागिराच्या ओसरीकडून असते तशी अपेक्षा लावली की निराशा होते, आणि उलटही.

८ फेब्रुवारी
निर्णय झाला. बर्मिंगहॅम. लतामावशी आणि मृणाल जाणार. सरोजताईंनी स्वतःहून नाव मागे घेतलं. म्हणाल्या, हाताचा टाका आणि मशीनचा टाका दोन्ही तिथं प्रत्यक्ष पोचले पाहिजेत. पैसे उरले तर ते सेंत-मारीच्या नावानं ठेवायचे. ह्यूस्टन यादीत राहील, मृणालची भाची तिकडे शिकायला गेली तर.

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो, त्यामुळे एप्रिल संपेपर्यंत कागद गोळा करायचे. मावशींचा पासपोर्टच नाही. जन्मतारखेसाठी गावच्या शाळेचा दाखला मागवला आहे.

१ मार्च
गटाच्या गोधडीचं काम अर्ध्यावर. प्रत्येकीच्या घरातलं एक जुनं लुगडं किंवा सुती साडी. नेहमीसारखे पाच-सहा थर घातले असते तर टांगल्यावर वजनानं मधे झोळ आला असता, म्हणून तीनच थर ठेवले आणि टाक्यांच्या ओळी जवळ घेतल्या. मावशींना थर कमी करणं पटत नव्हतं: "ही पांघरायची का भिंतीला लावायची?" दोन्ही, असं ठरलं. परत आली की ज्या घरात बाळ येईल तिथं ती जाणार.

प्रदर्शनात क्विल्ट टांगायला पाठीमागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची कापडी बाही शिवावी लागते, तिच्यातून दांडी जाते. बाहीचा टाका पुढच्या बाजूला दिसता कामा नये. तो फक्त खालच्या थरात घ्यायचा, म्हणजे वजन पेलेल इतपत खोल आणि पुढं डोकावणार नाही इतपत उथळ. हे मावशींशिवाय कुणाला साधत नाही.

१५ मार्च
सरोजताईंच्या गॅलरीत बांबूवर टांगून बघितली. डावीकडे झोळ आहे, बाही त्या बाजूला वर चढली होती. उसवून अर्धा इंच खाली घेतली. पाठीवर गटाचं आणि गावाचं नाव भरायचं बाकी; निळा दोरा की लाल, यावर अजून एकमत नाही. शाळेचा दाखला आला, पासपोर्टचा अर्ज गेला. पोलीस पडताळणीचा फोन आला की मावशींबरोबर मृणाल चौकीत जाईल.